उशिरी अर्धी काप

सलूनच्या पुढं रस्ता होता आणि मागं ऊन होतं. रस्ता सगळ्यांचा, ऊन मात्र घरचं. सकाळी ते मागच्या भिंतीवर चढायचं, दुपारभर परसात हातपाय पसरून पडायचं आणि जाता जाता भिंतीच्या पायथ्याशी थोडं रेंगाळायचं, दारात चपला घालूनही गप्पा न संपणाऱ्या पाहुण्यासारखं. जिथं ते शेवटचं रेंगाळायचं, तिथं वहिनीची उशिरी होती.

उशिरी म्हणजे सेडम. रोपवाल्याच्या पाटीवर हेच नाव असतं. जाड, गुबगुबीत पानं, वरून मेणाचा हात फिरवल्यासारखी फिकट. बोटानं दाबलं तर आत पाणी आहे हे कळतं. ज्या खडीत गवतही नाक मुरडतं तिथं हे झाड सुखानं नांदतं. पाणी मागत नाही, खत मागत नाही. मागतं ते एकच, ऊन. बागेतली बाकीची फुलं फुलून, मिरवून, मातीला मिळाली की मग हिला जाग येते. आधी फुलकोबीसारखे हिरवे गड्डे, मग गुलाबी, मग विटकरी. ती फुलं गळत नाहीत. देठावर उभ्या उभ्या वाळतात, गंजलेल्या लोखंडाच्या रंगाची होतात आणि सगळी थंडी तशीच ताठ उभी राहतात. बुडाशी नवे कोंब दिसेपर्यंत वहिनी त्यांना हात लावत नसे.

"उशिरा येते," वहिनी म्हणायची, "पण आली की जायचं नाव काढत नाही."

हे आप्पांना ऐकून माहीत होतं. जवळून बघून माहीत नव्हतं, खिडकीतून दिसेल तेवढंच. आप्पांचं सगळं आयुष्य घराच्या पुढच्या खोलीत गेलं. ऊन चढायच्या आत शटर वर करायचं आणि ऊन गेल्यावर खाली ओढायचं. त्यांच्या सलूनमध्ये दोन खुर्च्या, एक लांब आरसा, आणि लहान मुलांना बसवायला खुर्चीच्या हातांवर आडवी टाकायची एक फळी. त्याच फळीवर ते स्वतः बसले होते, मोठ्या भावाच्या हाताखाली मान खाली घालून. त्याच सुमारास वहिनी लग्न होऊन या घरात आली. आई नव्हती. वहिनीनं या दिराला न्हाऊ घातलं, मारलं, जेवू घातलं आणि 'बारक्या' म्हटलं. आता आप्पा साठीला टेकले होते, मिशा पांढऱ्या झाल्या होत्या, सगळी गल्ली त्यांना आप्पा म्हणत होती, पण वहिनीच्या तोंडी ते अजून बारक्याच होते. दाढीला बसलेल्या गिऱ्हाइकासमोर आतून हाक यायची, "बारक्या, जेवायला ये!" आणि गिऱ्हाईक फेसातल्या फेसात हसायचं.

आप्पांचं लग्न राहिलं ते राहिलंच. "मुलगी बघायला नेलं की हा तिच्या बापाच्या मानेवरचे केस बघायचा," वहिनी सांगायची. "एकदा तर विचारलं, कुठं कापता म्हणून. आम्ही उठलो तिथून." भाऊ गेला. वहिनीचा मुलगा छोटू शिकला, दूरच्या मोठ्या शहरात नोकरीला लागला, सहा फूट उंच झाला तरी छोटूच राहिला. घरात दीर आणि भावजय. पुढची खोली याची, मागचं परस तिचं, आणि मधे स्वयंपाकघर दोघांचं.

स्वयंपाकघरातून परसात उतरायला तीन पायऱ्या होत्या. त्या तीन पायऱ्यांनीच घात केला.

त्या दिवशी सलूनमध्ये गर्दी होती. केस कापायचं मशीन घुमत होतं, रेडिओ चालू होता, दोन गिऱ्हाइकं कुठल्याशा सामन्यावरून भांडत होती. जेवायची वेळ उलटून गेली तरी आतून हाक आली नाही. मग कुठं आप्पांच्या लक्षात आलं. ते गळ्यात फडकं तसंच ठेवून आत गेले. वहिनी पायऱ्यांखाली पडली होती. एक पाय नको तिकडं वळलेला. तिनं हाका मारल्या होत्या. मारून मारून घसा बसला होता.

"आलास?" ती म्हणाली. "आधी रेडिओ बंद कर. डोकं उठलंय माझं."

खुब्याचं हाड मोडलं होतं. छोटू आला आणि तिला आपल्या शहरातल्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला. गाडी सलूनच्या दारात उभी होती, वहिनी मागच्या सीटवर आडवी, आणि गल्ली भोवती. तिनं मान उचलून आप्पांना जवळ बोलावलं. आप्पांना वाटलं, काही शेवटचंबिवटचं सांगते की काय.

"उन्हाळा चढला की उशिरी अर्धी काप," वहिनी म्हणाली. "विसरू नकोस. उशिरी फुलली की मी येते."

गाडी गेली. आप्पा रस्त्यावर उभे राहिले, फडकं गळ्यात तसंच.

त्या दिवसानंतर सलूनमधला रेडिओ लागला नाही.

उन्हाळा चढला. उशिरी गुडघ्याएवढी झाली. एका सुटीच्या दिवशी आप्पा आपली सगळ्यात चांगली कात्री आणि कंगवा घेऊन पायऱ्या उतरले. शब्द त्यांना पाठ होता. उशिरी अर्धी काप. सलूनमध्ये येणारं गिऱ्हाईक खुर्चीत बसून म्हणतं, "आप्पा, अर्धे कापा." त्याचा अर्थ लहान पोरालाही कळतो. जेवढे लांब आहेत त्याच्या निम्मे करा. अर्धं डोकं कापा आणि अर्धं तसंच सोडा, असं आजवर कुणी म्हटलेलं नाही. म्हटलं असतं तर आप्पांनी त्याला वेड्यांच्या डॉक्टरकडं पाठवलं असतं.

त्यांनी भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळी उशिरी निम्म्यावर आणली. कंगवा आडवा धरून, डोळा बारीक करून, एकेक शेंडा. कामात कुठं खालीवर नाही. मागं सरकून बघितलं, दोनचार चुकार शेंडे पुन्हा टिपले, मग सलूनचा झाडू आणून कापलेले शेंडे गोळा केले आणि भिंतीच्या कोपऱ्यात ढकलून दिले. इतकी बेतशीर कापणी त्या परसानं पाहिली नव्हती. आप्पांना स्वतःचा अभिमान वाटला. संध्याकाळी फोनवर त्यांनी सांगितलं, "वहिनी, उशिरी कापली बरं का. अर्धी."

"शहाणा माझा बारक्या," वहिनी म्हणाली. तिचा आवाज दमलेला होता. दोघांचं समाधान झालं, आणि दोघांनी दोन वेगळ्या गोष्टी मनात धरून फोन ठेवला.

काळजी काही दार ठोठावून येत नाही. ती उंदरासारखी येते. आधी नुसती खुडबुड ऐकू येते.

भिंतीच्या पलीकडं शेजारच्या बाईंचं परस होतं. बाई शाळेत शिकवायच्या, एकट्या राहायच्या, आणि त्यांच्याकडंही उशिरी होती. वहिनीनंच दिलेल्या फांदीची. बाईंची उशिरी कुणी कापली नव्हती. पाऊस ओसरला, हवा कोरडी झाली, आणि एके सकाळी आप्पांनी भिंतीवरून डोकावलं तर बाईंच्या झाडांवर गड्डे धरलेले. मुठीएवढे मोठे, हिरवे, टपोरे. आप्पा आपल्या झाडांकडं वळले. पानंच पानं. जाड, तुकतुकीत, निर्लज्ज पानं. कळीचा पत्ता नाही.

त्यांनी खाली वाकून एकेक शेंडा चाचपला.

त्याच आठवड्यात छोटूचा फोन आला. "काका, उशिरी फुलली का? आई रोज विचारते."

"फुलतेय की," आप्पा म्हणाले.

"काका, एक बोलू का? रागावू नका. आई तुमच्याकडं यायचं म्हणतेय खरं. पण मला धीर होत नाही. थंडी पडली की तिला एवढा प्रवास मी करू देणार नाही. त्याच्या आधी फुललं तर ठीक. नाहीतर मग तिनं इथंच राहावं. कायमचं. इथं लिफ्ट आहे, पायरी एक नाही. तुम्हीही या."

"मी? आणि सलून?"

"काका, ती ओरडत होती. तुम्ही पुढंच होतात." छोटूचा आवाज चढला नव्हता, उलट उतरला होता. त्यामुळं ते जास्त लागलं. "मी तुम्हाला दोष देत नाही. पण मला झोप लागत नाही हो."

आप्पांनी फोन ठेवला. छोटूचं काय चुकलं? काहीच नाही. हेच तर अवघड होतं. भांडायला समोर वाईट माणूस असला की बरं पडतं.

आता सगळं त्या भिंतीखालच्या झाडांवर येऊन ठेपलं. फुललं तर वहिनी घरी, नाही फुललं तर घर रिकामं. आप्पांचा जीव टांगणीला लागला. सकाळी शटर उघडायच्या आधी परसात, दुपारी जेवताना परसात, दोन दाढ्यांच्या मधे परसात. एकदा गिऱ्हाईक अर्ध्या दाढीवर तसंच बसलं आणि आप्पा झाडांची पानं उलटी करून कळ्या शोधत होते.

"आप्पा, माझा अर्धा गाल सुकला!" पुढून आरोळी आली. हा टॅक्सी चालवणारा ड्रायव्हर. जीभ गाडीपेक्षा जोरात पळणारा.

आप्पा आले. त्यांनी पुन्हा फेस लावला आणि न राहवून सगळं सांगून टाकलं. सलूनमध्ये दुःख सांगू नये. तिथं दुःखावर औषध सांगणाऱ्यांची रांग लागते.

"पाणी कमी पडतंय," ड्रायव्हर म्हणाला. "फूल म्हणजे काय? पाणीच."

"खत घाला," बाकावर वर्तमानपत्र वाचणारे निवृत्त पोस्टमास्तर म्हणाले. "उपाशी झाडाला कसली फुलं?"

"वहिनी तर काहीच घालत नाही."

"वहिनीच्या हाताला गुण आहे. तुमच्या हाताला काय आहे? वस्तरा!" ड्रायव्हर हसला. "आणि पाणी घाला, मी सांगतो. सगळ्या जगाची बिनपाण्यानं करता ती करता, निदान झाडाची तरी करू नका."

आप्पांनी खत आणलं. पाणी घातलं. सकाळी घातलं, संध्याकाळी घातलं, आणि मधे काळजी वाटली म्हणून दुपारीही घातलं. ज्या झाडाला उपाशी ठेवायचं त्याला त्यांनी खाऊ खाऊ घातलं, लाडावलेल्या नातवासारखं. झाडं मातली. देठ लांब झाले, मऊ झाले. आणि मधलं सगळ्यात मोठं झाड एका सकाळी मधोमध फाकलं, निम्मे देठ डावीकडं, निम्मे उजवीकडं, आणि मधे उघडी माती. कुणी पाण्याचा हात लावून भांग पाडावा तसं.

आयुष्यात आप्पांनी हजारो भांग पाडले. एवढा भीतीदायक भांग त्यांनी पाहिला नव्हता.

त्यांनी सलूनमधलं फडकं फाडून त्याच्या पट्ट्या केल्या आणि ते झाड कमरेशी बांधलं. बांधताना शेजारच्या एका झाडाचं बूड हाताला बुळबुळीत लागलं. कुजलं होतं. ते हातातच उपटून आलं. आप्पा मातीत तसेच बसून राहिले. ऊन भिंतीवरून उतरलं, पायथ्याशी रेंगाळलं, गेलं, आणि पुढं सलूनच्या बाकावर दोन गिऱ्हाइकं वाट बघून उठून गेली.

त्या दिवसापासून त्यांनी पाणी बंद केलं. बादली उचलून न्हाणीघरात ठेवली आणि तिच्यावर पाट ठेवला, म्हणजे हात पटकन जाऊ नये. काही न करणं हे फार कष्टाचं काम असतं. ज्याला आयुष्यभर हातांनी जगायची सवय, त्याला हात मांडीवर ठेवून बसायला सांगून बघा. बसवेना म्हणून आप्पांनी पायऱ्यांना कठडा करायला घेतला. नळवाल्याकडून लोखंडी पाइप आणला, भिंतीत पाचरी मारल्या, पाइपला काथ्या गुंडाळला म्हणजे हात सटकू नये. रोज संध्याकाळी स्वतः एक पाय आखडून, म्हातारीसारखं लंगडत, त्या पायऱ्या चढून-उतरून बघायचे. बाईंनी भिंतीवरून विचारलं, "आप्पा, पायाला काय झालं?"

"माझ्या नाही," आप्पा म्हणाले, "वहिनीच्या."

बाई काही बोलल्या नाहीत. पण त्यांच्यामागं त्यांची उशिरी बोलत होती. गुलाबी झाली होती. मधमाश्यांचा नुसता गोंधळ.

संध्याकाळच्या हवेत गारवा आला. फोनवर वहिनी विचारायची, "उशिरी कशी आहे?" आणि आप्पा म्हणायचे, "आहे की. झकास." तिच्या आवाजात पूर्वीची धार नव्हती. "फुलली का रे?" ती विचारायची, आणि आप्पांना वाटायचं, ही आशेनं विचारतेय. त्या प्रश्नात आणखी काही असेल हे त्यांच्या मनातही आलं नाही. शेवटी छोटू म्हणाला, "काका, आईला फोटो पाठवा. मी दाखवतो."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. आप्पांच्या मनात भर दुपारी चांदणं पडलं.

बाई शाळेत गेल्यावर ते भिंतीपाशी स्टूल ठेवून चढले. हात लांब करून बाईंच्या उशिरीचा फोटो काढला. काय फोटो आला! गुलाबी गड्डे, वर माश्या, उन्हानं भरलेलं सगळं. त्यांनी तो पाठवला आणि स्टूल उचलून होतं तिथं नेऊन ठेवलं. वहिनीशी ते लहानपणी एकदाच खोटं बोलले होते आणि तिनं ते त्यांच्या डोळ्यांत बघून ओळखलं होतं. पण आता डोळे इथं होते आणि वहिनी तिथं.

संध्याकाळी फोन वाजला.

"फोटो बघितला," वहिनी म्हणाली.

"हां."

"बाईंची उशिरी छान फुललीय."

आप्पांनी फोन या कानावरून त्या कानावर घेतला.

"आता आपली दाखव."

"अगं, ही आपलीच..."

"बारक्या, कोपऱ्यात बाईंचं मांजर बसलंय. तंगडी वर करून अंग चाटतंय. ते काय फोटोसाठी आपल्याकडं आलं?"

मांजर! आप्पांनी फोटोत फुलं बघितली होती, ऊन बघितलं होतं, माश्याही बघितल्या होत्या. मांजर बघितलंच नव्हतं.

"वहिनी," ते म्हणाले, "आपली फुललेली नाही. कळीसुद्धा नाही. मी सगळं केलं. पाणी घातलं, खत घातलं, एक झाड कुजलं, एकाचा भांग पडला. तू म्हणालीस तशी कापलीसुद्धा. सगळी अर्धी कापली."

"सगळी?"

"सगळी. एक शेंडा खालीवर नाही."

"अरे गाढवा," वहिनी हळूच म्हणाली, "उशिरी अर्धी काप म्हटलं होतं."

"मग अर्धीच कापली ना."

"अर्धी उशिरी! एक झाड कापायचं, एक सोडायचं. सोडलेली आधी फुलते, कापलेली मागून. म्हणून तर आपल्याकडं एवढे दिवस फुलं असतात. इतकी वर्षं खिडकीतून काय बघत होतास?"

ती बोलली तोच शब्द आप्पांनी ऐकला होता. फक्त तिनं तो बागेत उभं राहून म्हटला होता आणि त्यांनी तो सलूनमध्ये उभं राहून ऐकला होता.

मग फोनमधून एक विचित्र आवाज यायला लागला. आप्पांना वाटलं, रडते. ते घाबरून "वहिनी, वहिनी" करायला लागले. पण ती हसत होती. दम लागेपर्यंत, खुबा दुखेपर्यंत हसत होती.

"म्हणजे मरणार नाही ना ती?" आप्पांनी विचारलं.

"मरते कशाला? सगळी मागून फुलेल. महिनाभर उशिरानं." हसू ओसरलं आणि तिचा आवाज अगदी हळू झाला, दार लोटून बोलावं तसा. "बरं केलंस रे. मला इकडं झोप नव्हती. फुलली की येते म्हणून बसले, आणि पाय उचलेना. वाटायचं, आज फुलली म्हणून फोन येतो की काय. छोटूनं मला उचलून तिथं नेलं असतं, खुर्चीत बसवून फुलं दाखवली असती आणि तशीच उचलून परत आणली असती. कालपासून जरा काठी घेऊन चालतेय. पायऱ्या अजून जमत नाहीत."

आप्पा फोन कानाला लावून पायरीवर बसले. ते रोज फुलं लवकर यावीत म्हणून देव पाण्यात ठेवून बसले होते. ती तिकडं येऊ नयेत म्हणून बसली होती.

"कठडा केलाय मी," एवढंच ते म्हणाले.

"मजबूत आहे का?"

"ड्रायव्हरला लोंबकळायला लावून बघितलंय."

त्यानंतर काळजी गेली असं म्हणावं तर ते खोटं होईल. एकीकडून थंडी चालत येत होती आणि दुसरीकडून वहिनी, आणि कोण आधी पोचतं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. आप्पा सकाळी उठून आधी हवा हुंगायचे. मग पायऱ्या उतरायचे. मग एके दिवशी पानांच्या बेचक्यात त्यांना मोहरीएवढे हिरवे दाणे दिसले. त्यांनी चष्मा पुसला. पुन्हा बघितलं. सगळ्या झाडांवर, सगळ्या शेंड्यांवर, एकाच उंचीवर. पुढं खुर्चीत पोस्टमास्तर बसले होते. आप्पा आत आले आणि त्यांनी काही न बोलता पोस्टमास्तरांच्या टकलावर कंगवा फिरवला.

वहिनी आली तेव्हा दुपार होती आणि ऊन परसात पसरलं होतं. छोटू एका बाजूला, आप्पा दुसऱ्या बाजूला. तिनं दोघांना दूर केलं. सलून ओलांडलं, स्वयंपाकघर ओलांडलं, पायऱ्यांशी थांबली. कठडा हलवून बघितला. काठी आप्पांच्या हातात दिली. पहिली पायरी उतरली. आप्पांनी काठी दोन्ही हातांनी घट्ट धरली. दुसरी. छोटूनं डोळे मिटून घेतले. तिसऱ्या पायरीवर तिचा पाय क्षणभर थरथरला, काथ्यावरची बोटं पांढरी झाली, आणि मग ती खाली, खडीवर उभी होती.

भिंतीशी उशिरी उभी होती. गड्डे धरले होते, हिरवे, कडेला कुठं कुठं गुलाबी झाक. झाडं एका उंचीची, एका ओळीत.

वहिनीनं वरपासून खालपर्यंत बघितलं. "शाळेच्या पहिल्या दिवशी पोरं उभी केल्यासारखी दिसतात," ती म्हणाली. "मागून मशीन फिरवलं नाहीस ना?"

मग तिची नजर कोपऱ्याकडं गेली. उन्हाळ्यात झाडूनं लोटून दिलेले शेंडे तिथं पडले होते. पडले कसले, उभे होते. खडीत पाय रोवून, बोटबोट वाढून, जणू त्यांना कुणी टाकलंच नव्हतं.

"हे बघ," वहिनी म्हणाली. "तू केरात काढलेस, तरी जगले."

छोटूनं स्टूल आणलं. तिला बसवलं. स्वतः तिच्यासमोर उकिडवा बसला, लहानपणी बसायचा तसा. "आई, कठडा चांगलाय. मी नाही म्हणत नाही. पण थंडी येतेय. फुलं बघ आणि चल."

"फुललीय कुठं अजून?"

"मग किती दिवस थांबायचं?"

वहिनीनं झाडांकडं बघितलं. मग मुलाकडं. "असं करते," ती म्हणाली. "ही फुलं गळून पडेपर्यंत राहते. गळाली की तू गाडी घेऊन ये. एक शब्द न बोलता मागच्या सीटवर बसते."

"शब्द देतेस?"

"शब्द."

छोटूला हे पटण्यासारखं होतं. फुलं म्हणजे काय, पंधरा दिवसांचा खेळ. तरी खात्री करून घ्यावी म्हणून तो आप्पांकडं वळला. "काका, ही फुलं गळायला साधारण किती दिवस लागतात?"

आप्पांनी तोंड उघडलं. सलूनवाल्याची जीभ ती, प्रश्न आला की उत्तर द्यायची सवय. खिडकीतून दिसणारे ते गंजलेले गड्डे, सगळी थंडी ताठ उभे असणारे, त्यांच्या डोळ्यांसमोर आले. त्यांनी वहिनीकडं बघितलं. ती मांडीवरचा पदर नीट करत होती.

"त्याला काय विचारतोस?" ती म्हणाली. "त्याला झाडांतलं काय कळतं? सगळी कापून ठेवली त्यानं."

"खरंय," आप्पा म्हणाले. "मला काही कळत नाही त्यातलं."

छोटू रविवारी परत गेला. जाताना त्यानं कठडा दोनदा हलवून बघितला, काकांचा हात धरला आणि गाडीत बसला. आप्पांना त्याची दया आली. एकदा वाटलंही, धावत जाऊन गाडी थांबवावी आणि सांगून टाकावं. त्यांनी तोंड घट्ट मिटलं. अळीमिळी गुपचिळी.

चार दिवसांनी गड्डे गुलाबी झाले. माश्या भिंत ओलांडून बाईंकडून इकडं आल्या. मांजरही आलं.

आता आप्पांच्या सलूनमध्ये कधी गेलात तर एक गोष्ट दिसेल. भिंतीवरचा लांब आरसा सरळ नाही. त्याच्या एका बाजूला त्यांनी पुठ्ठ्याची घडी खोचून तो तिरका केला आहे. मधली दोन्ही दारं उघडी असतात, रेडिओ बंद असतो, आणि त्या आरशात खुर्चीतल्या माणसाच्या खांद्यावरून मागच्या तीन पायऱ्या दिसतात. कठडा दिसतो. उशिरीचं एक टोक दिसतं. कधी काठी दिसते, आणि काठी दिसली की आप्पांची कात्री हवेतच थांबते, आणि वहिनी खाली पोचेपर्यंत थांबून राहते.

"आप्पा," ड्रायव्हर ओरडतो, "आरसा वाकडा झालाय तुमचा. मला माझं डोकंच दिसत नाही!"

"तू गप बस," आप्पा म्हणतात, आरशावरची नजर न काढता. "तुझं डोकं माझ्या हातात आहे."